आमच्या जावयाने मारलेली माणसं

आमच्या जावयाइतकी माणसं मारलेला सज्जन गृहस्थ अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. दारव्ह्यातल्या आमच्या गल्लीत त्यांनी एक घर सोडलेलं नाही. पिठाच्या गिरणीवाल्याला मंगळावरच्या जळवांच्या तोंडी दिलं, पोस्टमनला विहिरीतून वर आलेल्या हाताने आत ओढून नेलं, आणि मला, म्हणजे सख्ख्या साळ्याला, आजवर चारदा मारलंय. पहिल्यांदा मेलो तेव्हा मी शाळेत पेढे वाटले होते.

जावई अस्सल इंग्रज. माझी ताई नर्स म्हणून विलायतेला गेली आणि येताना यांना घेऊन आली. धंदा काय, तर चित्रकथा लिहिणं, त्याही भुताखेतांच्या आणि परग्रहांच्या. तिकडच्या साप्ताहिकांत लोकांना घाबरवता घाबरवता यांचे केस पांढरे झाले. पायगुण असा की, ज्या साप्ताहिकात हे शिरावेत ते दोन-चार वर्षांत बंद पडावं. पण दुसरं निघालं की पहिलं बोलावणं यांनाच. आता लिखाण दारव्ह्यातून ईमेलने जातं आणि छापलेला अंक पोस्टाने येतो. चित्रं मात्र ते काढत नाहीत. कोणत्या चौकटीत काय दिसावं, कोणी काय बोलावं, एवढं लिहून देतात. गल्लीला हे अजून पटलेलं नाही. "चित्रं दुसराच काढते, मंग जवाई दिवसभर करते काय?" असं गिरणीवाला मला दळण देता देता विचारतो.

एक मात्र आहे, कागदावर उतरवण्याआधी सगळं स्वतः करून पाहतात. एका दुपारी अंगणातल्या निंबाखाली स्वतःचाच गळा दाबून तंगड्या झाडत पडले होते. शेजारच्या काकूंना वाटलं मिरगी आली. त्यांनी धावत येऊन कांदा फोडला आणि यांच्या नाकाशी धरला. जावई शांतपणे उठून बसले, काकूंना नमस्कार केला आणि वहीत काहीतरी टिपलं. पुढच्या अंकातला राक्षस कांद्याच्या वासाने मेला. एका हिवाळ्यात आमच्या मधल्या खोलीत छतापर्यंत शेतातला कापूस भरला होता. जावई त्यात कमरेपर्यंत रुतले आणि आठवडाभर अंग खाजवत हिंडले. त्यातून निघाली गावंच्या गावं गिळणाऱ्या पांढऱ्या जिवंत ढिगाची कथा. इंग्लंडातली माणसं म्हणे वाचून हादरली. आम्हाला हसू आवरेना, कारण चित्रकाराने जावयांनी पाठवलेला खोलीचा फोटो पाहून ढिगामागे आमचा टेबलफॅनसुद्धा काढला होता.

नियम एकच. ज्याच्यावर जीव, त्यालाच मारायचं, आणि खऱ्या नावानिशी. त्यामुळे आमच्याकडे न मरणं हा अपमान समजतात. अख्ख्या गल्लीत एकच माणूस जिवंत राहिला होता, माझी आई.

आईचं आणि त्यांचं सूत पहिल्याच दिवशी जुळलं होतं. पुस्तकी मराठी शिकून आलेले जावई बाजाराला निघताना ऐटीत म्हणाले, "मी जातो." आईने हात धरून त्यांना खाली बसवलं आणि पाणी पाजलं. "जातो म्हनू नाही बाप्पा. जाते तो मेलेला माणूस. जित्या माणसानं येतो म्हनावं." तेव्हापासून हा गृहस्थ न्हाणीघरात शिरतानाही "येतो" म्हणतो.

मागच्या दिवाळीनंतर आईने अंथरूण धरलं. हृदय थकलंय, असं डॉक्टर म्हणाले. आईला त्याचं काही वाटलं नाही. तिला दुःख वेगळंच होतं. "जवाईबापू, समदी गल्ली मारली तुमी. मले काहून नाही मारलं? माह्यावर जीव नाही का तुमचा?" जावई मान खाली घालून "येतो" म्हणाले आणि बाहेर गेले. असं तीनचारदा झालं. आई जेवेना. मग मात्र मी चिडलो. "भाऊजी, पोस्टमनवर भूत सोडता, माझ्या आईवर सोडायला काय जातं तुमचं?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "माह्या आईनं पण असाच हट्ट केला होता," ते म्हणाले. "मी कथेत मारलं तिले. अंक निघाला, त्याच हप्त्यात ती खरोखर गेली. संबंध नाही, मले माहीत आहे. पण हात चालत नाही."

मी शाळेत विज्ञान शिकवतो. एकामागून एक घडलं म्हणजे एकामुळे दुसरं घडलं असं नव्हे, हे पोरांना दरवर्षी सांगतो. भाऊजींसमोर मात्र मी चहाचा कप ठेवला.

त्यानंतर जावयांनी पंधरा दिवस अंगणात कसलंही नाटक केलं नाही, नुसते लिहीत बसले. मारला गेलेला पोस्टमन पौषात अंक घेऊन आला. जावई आईच्या खाटेशी बसून एकेक चौकट वऱ्हाडीत सांगू लागले. पृथ्वी बुडते आहे. गल्ली संपली, मी चौथ्यांदा मेलो. राहिली एक म्हातारी, नऊवारी लुगडं नेसलेली, हातात पत्र्याची पेटी. शेवटचं यान तिच्यासाठी थांबलंय आणि दारात उभी राहून ती मागे बघते आहे.

"मेली का मी?" आईने विचारलं.

"नाही."

"मंग काय म्हनून राह्यली?"

अंक सगळा इंग्रजी, पण म्हातारीच्या तोंडचा एक शब्द जावयांनी स्वतः देवनागरीत लिहून पाठवला होता. दुसरीपर्यंत शिकलेल्या आईने बोट ठेवून तो वाचला, "ये-ते." मग तिने चित्र डोळ्यांजवळ नेलं. "पदर उलट्या खांद्यावर घेतला मेल्यानं," ती म्हणाली. "पन बोलली बराबर." त्या दिवशी आई पोटभर जेवली.

चैत्रात आई गेली. झोपेत, काही त्रास न होता. आमच्याकडे स्मशानातून निघताना कोणी "येतो" म्हणत नाही. मागे न बघता मुकाट्याने चालू लागायचं असतं. हे जावयांना सांगायचं राहूनच गेलं. सगळे निघाले तेव्हा ते फाटकाशी थांबले, वळले, आणि रोज बाजाराला निघताना म्हणायचे त्याच आवाजात म्हणाले, "आई, येतो."

गिरणीवाला होता, पोस्टमन होता, त्यांनी मारलेली सगळी गल्ली तिथे उभी होती. चूक दाखवायला एकही माणूस पुढे झाला नाही.