आखूड नळीचा हिवाळा

मेव्हण्याने मोजणीचे चाक कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबाशी आणून थांबवले, मुठीजवळच्या तबकडीवरचा आकडा वाचला, डोळे बारीक करून पुन्हा एकदा वाचला, आणि मग अगदी सहज स्वरात जे सांगितले त्याने नळीमास्तरांच्या पायांखालची जमीनच सरकली.

“भावोजी, हा काही अर्धा किलोमीटर नाही.”

“तुझं चाक बिघडलंय.”

“याच चाकावर मी गावभर रस्त्यांचे पट्टे मारतो. बिघडलं असतं तर एव्हाना निम्म्या गाड्या फुटपाथवर चढल्या असत्या.”

“परत मोज.”

मेव्हणा परत निघाला. खांबापासून कालव्याच्या कठड्याने, तेथून गोदामांच्या पाठीमागून, बंद पडलेल्या छापखान्यावरून वळून पुन्हा खांबापाशी. नळीमास्तर तबकडीवर डोळे लावून त्याच्या शेजारून असे चालले होते, जणू कोणी आप्त स्ट्रेचरवरून चालला आहे. आकडा तोच आला. एका फेरीमागे जवळजवळ तीस मीटर, म्हणजे बंबाची एक अख्खी नळी, कमी. पाच फेऱ्यांच्या पाच नळ्या. आणि पाच नळ्या म्हणजे, त्यांच्या पायांच्या हिशेबाने, एक मिनिट. हिवाळाभर जे मिनिट त्यांनी आपल्या पदरात पडले असे मानले होते, नेमके तेच.

“भावोजी, बसा जरा. तोंड पांढरं पडलंय.”

नळीमास्तर बसले नाहीत. खांबाला धरून उभेच राहिले.

हे गृहस्थ अग्निशमन केंद्रात बंबावर होते. वय बावन्न. त्यांचे खरे नाव पगारपत्रकाखेरीज कोठेही वापरात नव्हते. केंद्रप्रमुखांपासून झाडूवाल्यापर्यंत सर्व जण त्यांना नळीमास्तर म्हणत, कारण आग विझवून बंब परतला की नळ्या धुणे, उंच मनोऱ्यात टांगून वाळवणे, पाण्याचा दाब देऊन तपासणे आणि फाटलेल्या दुरुस्त करणे हे सारे त्यांच्याकडे असे. नळी बहुधा तोंडापाशी, धातूच्या कपलिंगलगतच फाटते. मग तेवढा तुकडा कापून टाकावयाचा आणि तेच कपलिंग उरलेल्या नळीला पुन्हा तारेने आवळून बसवावयाचे. अशा रीतीने नळी दर दुरुस्तीला वीतभर आखूड होत जाते, परंतु कपलिंगवर ठोकलेला ‘तीस मीटर’ हा शिक्का मात्र शेवटपर्यंत तसाच राहतो. नव्याने भरती झालेल्या प्रत्येकाला नळीमास्तर बजावीत असत, “तोंडावर लिहिलंय ते खरं मानायचं नाही. अंथरून बघायचं. आगीपाशी नळी पुरली नाही, तर शिक्का काय चाटायचाय?”

आता पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा अडीच किलोमीटर अंतर पंधरा मिनिटांच्या आत धावून दाखविले पाहिजे, असा केंद्राचा नियम होता. जो दाखवू शकत नसे त्याला बंबावरून उतरवून टेलिफोनच्या टेबलावर बसवीत. पानगळीच्या दिवसांत झालेल्या चाचणीत नळीमास्तर सर्वांच्या मागून, अखेरची फेरी चालत, कमरेवर हात ठेवून आले होते. केंद्रप्रमुखांनी त्यांना बाजूला घेतले.

“मास्तर, हिवाळा सरेपर्यंत मुदत देतो. एकच संधी. त्यानंतर माझे हात बांधलेले आहेत.”

टेलिफोनचे टेबल नळीमास्तरांनी दुरून पुष्कळ पाहिले होते. तेथे बसणारा माणूस ऊबेत असतो, त्याला खुर्ची असते, कामाच्या वेळा ठरलेल्या असतात. त्याला काहीही कमी नसते. फक्त घंटा होते, सगळे केंद्र जिन्याने धडधडत खाली उतरते, आणि तो तेवढा जागच्या जागी असतो. नळीमास्तरांना नको होते ते नेमके हेच.

म्हणून त्यांनी धावण्यास आरंभ केला, आणि तोही थंडी पडू लागली असताना. अंतर मोजण्यासाठी सेवेतून काढून टाकलेली एक जुनी नळी त्यांच्या परसात पडलेली होती. एका संध्याकाळी ती रस्त्यावर अंथरून, दुसरे टोक बायकोच्या हाती देऊन, खडूच्या खुणा करीत त्यांनी अर्ध्या किलोमीटरची फेरी आखली. नळी त्यांची, शिक्का स्पष्ट, हात वाकबगार. शंकेला जागाच नव्हती.

त्या हिवाळ्यात सकाळी दाराची कडी हाताला चिकटे. कठड्यावर दहिवर गोठून पांढरे कवच धरी, नाकातून येणारे पाणी ओठांवर येईतो थंडगार होऊन जाई. नळीमास्तर दोन स्वेटर, कानटोपी आणि जुने हातमोजे घालून धावत. बायको शाल लपेटून, हातात सेकंदकाट्याचे घड्याळ घेऊन खांबापाशी उभी राही. ती कधी त्यांची स्तुती करीत नसे.

“अहो, कालच्यापेक्षा गोगलगाय बरी!”

“गोगलगाय या थंडीत घराबाहेर पडत नाही!”

“तिला अक्कल आहे म्हणून!”

पांघरुणातून पाय बाहेर काढावासा वाटू नये अशा त्या सकाळी त्यांना ओढून नेई ती एकच गोष्ट: घड्याळाचा काटा. आठवड्यागणिक वेळ उतरत होती. सतरा मिनिटे, सोळा, मग पंधराच्या अलीकडे. अखेर ज्या दिवशी बायकोने “चौदा! अगदी बरोब्बर चौदा!” असे ओरडून सांगितले, त्या दिवशी नळीमास्तरांनी ही वार्ता केंद्रातील भिंतींखेरीज सर्वांना ऐकवली. बंबचालक त्यांचा जुना सोबती होता. तो म्हणाला, “मास्तर, आता तुम्ही बंबाच्या पुढे पळत चला. सायरन वाजवायची कटकट नको.”

आणि आता, चाचणीला आठवडाही उरलेला नसताना, रस्त्यावर पट्टे मारण्यासाठी सहज या बाजूला आलेल्या मेव्हण्याने गंमत म्हणून चाक फिरवले होते.

घरी आल्यावर नळीमास्तरांनी तडक परसातली नळी ओढून काढली, दारापासून फाटकापर्यंत, तेथून मागे वळवून पुन्हा दारापर्यंत अंथरली, आणि मेव्हण्याच्या फितीने मोजली. दोन मीटर कमी. दोन्ही कपलिंगांखाली तारेची घट्ट, एकसारखी गुंडाळी होती. तशी गुंडाळी केंद्रात दुसऱ्या कोणाला जमत नसे. म्हणजे प्रत्येक वीत त्यांनी स्वतः, स्वतःच्या सुरीने कापलेली होती. ते गुडघ्यांवर बसून त्या तारेवरून बोट फिरवीत राहिले.

“मी कापली,” ते म्हणाले. “आणि मीच विसरलो. मी!”

मेव्हण्याला हसू आवरेना. “भावोजी, तुम्ही नवीन पोरांना काय सांगता ते जरा—”

“तू घरी जा,” बायको म्हणाली. “चाक घेऊन जा आणि तोंडही घेऊन जा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी, त्या हिवाळ्यात प्रथमच, नळीमास्तर उठले नाहीत. झोप लागली नव्हती. छताकडे पाहत पडून होते. बायको शाल घेऊन, घड्याळ हातात धरून दारात उभी राहिली.

“उठताय ना?”

“काय उपयोग?”

“म्हणजे?”

“अगं, ती चौदा मिनिटं खोटी होती. सगळा हिवाळा खोटा. मी सगळ्या केंद्राला सांगून बसलोय. तिथं शेवटच्या फेरीत माझं पितळ उघडं पडणार.”

बायको पलंगाच्या कडेशी आली. तिचा आवाज चढला. “हिवाळा खोटा? मी त्या खांबापाशी उभी होते, माझी बोटं सुन्न पडत होती, ती काय कापून आखूड केलेल्या थंडीनं? थंडी तर पूर्ण मापाची होती ना? आणि तुम्हाला दम लागायचा, पायात गोळे यायचे, ते?”

“पण पाच नळ्या कमी, गं.”

“मग पाच नळ्या जास्त पळा. उठा, नाहीतर मी एकटी जाऊन उभी राहते. लोक विचारतील, बाई कुणाची वाट बघताय, तर सांगेन, नवरा हरवलाय.”

नळीमास्तर उठले, पण ते उठणे निराळे होते. मेव्हण्याने रात्रीच येऊन, कोणाला न सांगता, खांबाच्या पुढे पाच नळ्यांवर, खऱ्या अंतरावर, पांढऱ्या रंगाची रेघ मारून ठेवली होती. पाचव्या फेरीअखेर जुनी खूण मागे पडली, की नवी येईपर्यंत जो तुकडा लागे, तो नळीमास्तरांना संबंध फेरीहून लांब वाटे. कालव्यावरचा वारा छातीवर येत होता. त्यांनी ती रेघ ओलांडली तेव्हा बायकोने वेळ सांगितली नाही. त्यांनी तिच्या हातातून घड्याळ घेऊन स्वतः पाहिले: पंधरा मिनिटे आणि वर वीस सेकंद.

“आता पूर्वीसारखं ओरडत का नाहीस?” ते म्हणाले.

“ओरडण्यासारखं काही नाही म्हणून.”

राहिलेल्या दिवसांत ती वेळ जवळजवळ तशीच राहिली. रोज धावायचे आणि रोज नापास व्हायचे, असा तो क्रम होता. तरीही त्यांनी एकही सकाळ चुकविली नाही, याचे त्यांचे त्यांनाच नवल वाटे. काटा उतरत नव्हता, आशा उरली नव्हती, आणि पाय मात्र ठरल्या वेळी पलंगाखाली उतरत होते. चाचणीच्या आदल्या दिवशी त्यांनी आपल्या कपाटातील सामान आवरून पिशवीत भरले. बंबचालकाने ते पाहिले आणि न पाहिल्यासारखे केले.

चाचणीचा दिवस निवांत, वाऱ्याविना उजाडला. खेळाच्या मैदानावरील धावपट्टी ओलसर होती. दुसऱ्या संधीसाठी आलेले एकूण तिघे: नळीमास्तर, शिडीवाला आणि केंद्रातील सर्वांत वयस्क असा पंपवाला. केंद्रप्रमुख घड्याळ घेऊन उभे होते. कठड्यापलीकडे बायको, मेव्हणा आणि बंबचालक होते. नियमानुसार जाड कपडे उतरवावे लागले. नळीमास्तर एका सदऱ्यावर उभे राहिले तेव्हा त्यांना आपण सोलले गेलो आहोत असे वाटले.

शिट्टी झाली. नळीमास्तरांनी ठरविले होते की घड्याळाकडे पाहावयाचे नाही, कोणाला विचारावयाचे नाही, केवळ पुढच्या वळणापर्यंत पोहोचावयाचे. आपण हरणार याविषयी त्यांच्या मनात तिळमात्र संदेह नव्हता. शेवटच्या फेरीत शिडीवाला पुढे होता, पंपवाला मागे. कठड्यापलीकडून बायको काहीतरी ओरडत होती. ते शब्द त्यांच्यापर्यंत पोहोचले नाहीत. रेघ ओलांडल्यावर ते गुडघ्यांवर हात टेकून वाकले आणि निकाल ऐकण्यासाठी डोळे मिटून उभे राहिले.

“शिडीवाले, चौदा एकोणचाळीस. पास. मास्तर, चौदा बावन्न. पास.” थोड्या वेळाने, “पंपवाले, चौदा अठ्ठावन्न. देवाची कृपा. पास.”

नळीमास्तरांनी डोळे उघडले. चेहऱ्यावर आनंदाचा लवलेश नव्हता. पकडल्या गेलेल्या चोरासारखा तो चेहरा होता.

“साहेब,” ते म्हणाले, “मैदान मोजलंय का?”

“काय?”

“ही पट्टी. चारशे मीटर आहे म्हणून कुणी सांगितलं?”

“अहो, तिथं फलकावर लिहिलंय.”

“लिहिलेलं असतंच, साहेब.”

पंपवाल्याने त्यांची बाही ओढली. “मास्तर, पाया पडतो. गप्प बसा. माझे दोनच सेकंद आहेत.”

बंबचालक कठडा ओलांडून धावत आला. “याला कुणीतरी आवरा! पास झालाय आणि भांडतोय!”

केंद्रप्रमुख त्यांच्याकडे वळले. “नापास झालेला माणूस मैदान मोजा म्हणतो, हे मी जन्मभर ऐकत आलो. पास झालेला म्हणतोय, हे आज पहिल्यांदाच. मास्तर, विचार करा. कमी भरलं तर तुम्हा तिघांनाही टेबल.”

नळीमास्तरांनी पंपवाल्याकडे पाहिले, त्याची नजर चुकविली, आणि ते म्हणाले, “ठाऊक आहे. पण मला हे असं घेता येणार नाही, साहेब. एक हिवाळा घेतला, तेवढं पुरे झालं.”

मेव्हणा गाडीतून चाक घेऊन आला. त्या दिवशी तो विनोद करण्याच्या मनःस्थितीत नव्हता. ओल्या पट्टीवर चाकाचा टिकटिक आवाज तेवढा ऐकू येत होता. पंपवाला पाठ फिरवून उभा होता. शिडीवाला दातओठ खात होता. मेव्हणा वळणावर आतल्या कडेला अगदी चिकटून चालला, कारण नळीमास्तर त्याच्या मागे चालत “आत घे, आणखी आत घे” असे म्हणत होते.

चाक रेघेवर थांबले.

“चारशे,” मेव्हणा म्हणाला. “आणि वर चार बोटं. जास्त.”

पंपवाल्याने मोठ्याने शिवी हासडली, आणि ती कोणाला होती हे कळण्यापूर्वीच तो नळीमास्तरांच्या गळ्यात पडला. केंद्रप्रमुखांनी घड्याळ खिशात टाकले आणि “दुपारच्या पाळीला या, तिघेही, बंबावर,” असे म्हणून ते निघून गेले. नळीमास्तर मात्र त्या रेघेपाशीच मट्कन खाली बसले. बायको पोहोचली तेव्हा ते आपल्या दोन्ही पायांकडे पाहत होते, जणू ते पाय कोणी चुकून येथे ठेवून गेले होते.

“किती म्हणाले साहेब?” त्यांनी तिला विचारले.

“चौदा बावन्न. तिसऱ्यांदा विचारताय.”

“आणि मैदान पूर्ण आहे.”

“पूर्ण आहे.”

“मग हे झालं कसं?”

“दोन स्वेटर उतरवलेत,” बंबचालक म्हणाला, “वारा नाही, कोपरे नाहीत. आणि मास्तर, तुम्ही धावलात. आणखी काय लागतं त्याला?”

नळीमास्तरांना ते पटले नाही. पटल्याचे कोणतेही चिन्ह त्यांच्या चेहऱ्यावर उमटले नाही. ते तोंड उघडे ठेवून एकदा पट्टीकडे, एकदा बायकोकडे पाहत राहिले. तिने आपली शाल काढून त्यांच्या खांद्यांवर टाकली आणि काखेत हात घातला.

“ते नंतर ठरवू,” ती म्हणाली. “आधी उठा. जमीन ओली आहे.”