वहिनी शुद्धीवर येत नाही

त्या दोघांना वाटलं, बाई खरंच बेशुद्ध आहे.

जेवायची सुट्टी होती. मालिकेच्या शूटिंगच्या मांडवात दिवे बंद, माणसं डबे उघडून बाहेर बसलेली. वहिनी मात्र खोट्या दवाखान्याच्या खाटेवर तशीच पडून राहिली होती, कारण गालावर चिकटवलेल्या नळ्या एकदा काढल्या की परत लावायला रंगवणाऱ्या पोरीला अर्धा तास लागायचा. डोळे मिटलेले. तेवढ्यात मालिकेचा शेठ आणि मालिका लिहिणारा लेखक भांडत भांडत आत आले, आणि खाटेच्या दोन बाजूंना उभे राहिले.

"शेठ, सात महिने झाले. एकतर हिला उठवा, नाहीतर मारा!"

"मारली तर लोक दोन दिवस रडून मोकळे होतील. उठवली तर बोलेल. जिन्यावरून कोणी ढकललं ते सांगेल. मग पुढे तू काय लिहिणार, तुझं डोंबल?"

"अहो, पण लोक विचारतात."

"विचारू देत की. विचारतात म्हणून तर बघतात! टीआरपी घसरला की हिचं बोट हलवायचं. एकच बोट. लगेच सगळी हलवू नकोस."

"आणि बाईंचं काय?"

"त्यांचं काय? पडून राहायचा पगार मिळतोय. माझा सासरा वीस वर्षं फुकट पडलाय!"

वहिनीला असं हसू आलं की पोट गदगदायला लागलं. तिनं दात आवळून ते गिळलं. तिच्या जन्मातला सगळ्यात चांगला अभिनय तोच, आणि तो बघायला डोळे असलेलं कोणी नव्हतं. हसू गिळल्यावर मग तिला कळलं की आपण अडकलो.

एरवी ही बाई पडून राहणारी नव्हे. पंधराव्या वर्षापासून गावोगाव नाटकं केलेली. आवाज असा की शेवटच्या रांगेत पेंगणारा माणूस दचकून सरळ बसायचा. पुढे नवऱ्याचा छापखाना बसला, घर हिच्या अंगावर आलं, आणि मालिकेतल्या मोठ्या वहिनीचं काम दारात चालून आलं तेव्हा तिनं करारावर डोळे झाकून सही केली. डोळे झाकायची सवय तिथूनच लागली म्हणायची. करारात लिहिलं होतं, वहिनी मालिकेत आहे तोवर दुसरीकडे तोंड दाखवायचं नाही. मोडला तर राहतं घर विकून भरपाई. आता वहिनी ना मरत होती ना उठत होती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो असा.

संध्याकाळी नवरा विचारायचा, "आज काय काम केलंस?"

"डावी करंगळी."

"दमली असशील."

भाजीवाली रोज ओरडायची, "वहिनी, कधी उठताय हो?"

"तुझी भेंडी कोवळी निघेल त्या दिवशी!"

हसण्यावारी नेत होती, दुसरं करणार काय?

एक काम तेवढं ती उभ्यानं करायची. खाटेवरच्या उशीला निळा अभ्रा होता, पिवळ्या फुलांचा. तसा दुसरा दुकानात मिळेना, आणि रंग उडाला तर पडद्यावर फरक दिसणार. म्हणून दर शनिवारी वहिनी तो घरी न्यायची, हातानं धुवायची, सावलीत वाळवायची, उलटा करून इस्त्री करायची आणि सोमवारी कपडेवाल्या बाईच्या हातात द्यायची. "सावलीत वाळवलाय," एवढं बोलायची. कधी कधी त्या मांडवात दिवसभरात तिचं तेवढंच बोलणं व्हायचं.

तिसऱ्या वर्षी जुन्या नाटक कंपनीतले दादा घरी आले. तिला रंगमंचावर उभं राहायला शिकवलं ते यांनीच. ते सिनेमा काढत होते. त्यात एका आईचं काम होतं, ती भर कोर्टात सलग दहा मिनिटं बोलते.

"तुझा आवाज कानात ठेवून लिहिलंय गं. महिनाभर थांबतो. त्यापुढे माझ्या हातात नाही."

वहिनी शेठकडे गेली. "शेठ, मला मारा."

"काय अभद्र बोलता! तुम्ही आमच्या मालिकेचा कणा."

"तीन वर्षं कणा आडवाच आहे."

"बघू की. पुढच्या महिन्यात बघू."

शेठचा पुढचा महिना कधी उजाडत नाही, हे खाटेपासून सगळ्यांना ठाऊक होतं. महिना संपायला दोन दिवस उरले, तेव्हा वहिनीनं मनाशी ठरवलं. मालिकेतली लेक तिच्या छातीवर डोकं टेकून रडत होती, कॅमेरा चालू होता. वहिनीनं डोळे उघडले. नळ्या उपटल्या, खाटेवर ताठ उठून बसली आणि शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मला धाकट्या जावेनं ढकललं!"

रडणारी पोर खरोखरच किंचाळली. दिवेवाल्यानं टाळ्या वाजवल्या. दिग्दर्शक 'कट' म्हणायचं विसरला.

शेठ मागून पुढे आला. "वा! हे ठेवा."

वहिनी घरी गेली ती रस्त्यानं गुणगुणत. दादांना फोन करून सांगितलं, "शुक्रवारी बघा, गुपित फुटलं, आता मालिका संपलीच. मी सुटले."

शुक्रवारी घरातले सगळे टीव्हीसमोर बसले. वहिनी उठली, तिचे ओठ हलले. आवाज नव्हता, नुसतं व्हायोलिन. मग पडदा धूसर झाला आणि लेक घामाघूम होऊन जागी झाली. स्वप्न होतं ते. वहिनी आपली खाटेवर, नळ्यांसकट.

दादांचा फोन आला. "तू काहीतरी बोललीस असं वाटलं. ऐकू नाही आलं गं."

ते काम दुसरीला गेलं. आणि गंमत बघा, त्या स्वप्नानं टीआरपी असा चढला की मालिका आणखी चार वर्षं चालली. कोंबड्यानं आपणच आरवावं आणि आपणच खुराड्यात जावं, तशी गत. पुढे तिनं कधी डोळे उघडले नाहीत. केस पिकले ते मालिकेसाठी काळे करून घेतले, गुडघे आखडले, दादा थकून घरी बसले. करंगळी तेवढी वेळच्या वेळी हलत राहिली.

मग एका शनिवारी मालिका बंद झाली. शेवटच्या भागात सगळं कुटुंब दारात उभं राहून हसलं. खाट दाखवलीच नाही. मारायचं आणि उठवायचं दोन्ही राहून गेलं.

"सुटलीस एकदाची," नवरा म्हणाला.

"हो ना," वहिनी म्हणाली आणि अभ्रा भिजत घातला.

सोमवारी ती मांडवात गेली तेव्हा प्लायवूडच्या भिंती उताण्या पडल्या होत्या. खाट कोणीतरी उचलून नेली होती. कपडेवाली बाई खोक्यावर बसून हँगर बांधत होती.

"अहो वहिनी, आता कशाला आणलात? राहू द्या घरी, आठवण म्हणून."

"आठवण कसली? घे, सामान मोजताना कमी पडायचा."

बाईनं हात पुसून अभ्रा घेतला. वहिनीनं त्याची एक दुमडलेली कड बोटानं सरळ केली.

"सावलीत वाळवलाय," ती म्हणाली.