पिंपातली काठी

आज गच्चीवरच्या खोलीचं कुलूप काढलं आणि मुरल्या दारूचा, जुन्या लाकडाचा वास अंगावर आला. कोपऱ्यात यांचं छोटं लाकडी पिंप तसंच होतं. हे जाऊन दोन उन्हाळे झाले.

रसायनशास्त्राचे मास्तर. निवृत्तीनंतर भलताच नाद लागला. जवाला मोड आणायचे, अकोल्याच्या उन्हात गच्चीवर वाळवायचे आणि तांब्याच्या भांड्यातून व्हिस्की काढायची. ती या पिंपात तीन वर्षं मुरल्यावरच चाखायची, असा त्यांचा नेम.

पिंप भरलं त्याच्या पुढच्याच मे महिन्यात मी दर्यापूरला माहेरी राहून आले. पिंपात त्यांची पातळी मोजायची खुणांची काठी बुडवली, तर जाण्याआधीपेक्षा चार बोटं कमी! माझे वडील दारूनंच गेलेले. माझं डोकंच फिरलं.

"मी नसताना पेले ना तुमी?"

"एक थेंब नाई वं. उनात लाकडातूनच उडून जाते थे."

"मले येडी समजता का?"

यांनी खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. त्यानंतर गच्चीवर जव कधी पसरले नाहीत. मला वाटलं, चोरी पकडली म्हणून नाद सोडला.

आज तीच काठी पुन्हा बुडवली. जेमतेम टोक ओलं झालं. खालून वरपर्यंत सगळ्या खुणा कोरड्या.

आणि किल्ली इतके दिवस माझ्याच कमरेला होती.