उस्तादांचं नाक

गिअर ऑइलचा डबा उघडला की सडक्या लसणासारखा वास येतो आणि मला जुन्नरच्या गॅरेजातली ती दुपार आठवते. उस्ताद तेल नुसतं हुंगून ओळखायचे. जीपच्या मागच्या चाकांमधल्या लिमिटेड स्लिप डिफरन्शियलच्या गिअरपेटीला वेगळं तेल लागतं, साधं ओतलं तर वळणावर मागून कटकट सुरू होते आणि आतल्या प्लेटा जातात. म्हणून घोडेगावच्या वरचे जीपवालेसुद्धा त्यांच्याच नाकावर विसंबून खाली यायचे. कोरोनात त्यांना वास येईनासा झाला, तो परत आलाच नाही. बाहेर फुटलं असतं तर धंदा बसला असता, म्हणून हे त्यांनी फक्त मला, हाताखालच्या मिस्त्रीला, सांगितलं होतं. ते डबा नाकाशी धरून माझ्याकडे बघायचे आणि मी हळूच मान हलवली की ओतायचे. मला मात्र त्यांची गिऱ्हाइकं हवी होती. त्या दुपारी सगळ्या गिऱ्हाइकांसमोर मी डब्यात इंजिन ऑइल भरून दिलं आणि मान हलवली. "हेच," उस्ताद म्हणाले. मग मी मोठ्यानं म्हणालो, "उस्ताद, नीट हुंगा की, हे तर इंजिन ऑइल हाय!" जीपवाला खिदळला, "चाचा, नाक गहाण टाकलं का काय राव?" सगळे हसले, मीही हसलो. उस्तादांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. "वय झालं आता," म्हणाले आणि हातातलं फडकं माझ्या खांद्यावर टाकून निघाले. गिऱ्हाइकं माझी झाली. आजही डबा हुंगला की माझी मान आपोआप हलते, समोर कोणी नसताना.