वहिनीची सव्वीस हवा

माझी वहिनी लग्न होऊन टायरच्या दुकानात आली, असं मी म्हटलं की ती चिडते. "घरात आले. दुकान वाटेत होतं," म्हणते. खरंही आहे. आमच्या घराचं दार दुकानाच्या मागच्या भिंतीत आहे, भाजीची पिशवी आत न्यायची तरी कॉम्प्रेसरला वळसा घालावा लागतो. पहिल्या वर्षी तिनं वळसा घातला. दुसऱ्या वर्षी ती जॅक लावत होती. गिऱ्हाईक विचारायचं, "मालक नाहीत का?" ही म्हणायची, "आहेत की. समोर उभ्या आहेत."

मी तिचा धाकटा दीर. रस्त्यावरच्या दुरुस्तीवाल्यांची संघटना चालवतो. शाळा अर्धवट, भाषणं पूर्ण. बाजू घेऊन भांडणं हेच माझं काम, तेव्हा वहिनीबद्दल लिहितोय म्हणजे तिची बाजू घेणार, हे आधीच सांगून टाकतो. कुणाला मधलं काही हवं असेल तर त्यानं तराजू विकत आणावा.

दुकानाच्या कडेला ताडपत्रीखाली एक बुटकी, दोन माणसांची स्पोर्ट्स कार पडून होती. कुणीतरी दुरुस्तीला टाकली आणि शेवटी दादाच्या, म्हणजे माझ्या मोठ्या भावाच्या गळ्यात मारली. छत नाही, मागची सीट नाही, वजन इतकं कमी की ढकलली तर हातगाडीसारखी पळायची. दादा ती भंगारात काढणार होता. वहिनीनं काढू दिली नाही. संध्याकाळी शटर अर्धं खाली ओढून ती त्या गाडीखाली शिरायची आणि आम्ही जेवायला हाका मारत बसायचो. गाडी चालू झाली तेव्हा आमच्या आईनं एवढंच विचारलं, "आता जेवायला वेळेवर येशील ना?" नाही आली.

शहराबाहेर शर्यतींचा ट्रॅक आहे. शर्यत नसते त्या दिवशी साधी माणसं आपापल्या गाड्या आणून तिथं पळवतात. बाकीच्या बायका माहेरी जातात तशी वहिनी तिथं जाते, डबा भरून, सकाळी सकाळी. रस्त्यावर ती गाडी अगदी शहाण्यासारखी चालवते. ट्रॅकवर नाही. "तिथं मागून कुणी हाक मारत नाही," हे तिचं कारण. मला ते पटलं. दादाला फक्त ऐकू आलं.

गेल्या खेपेला लांब वळणावर गाडीनं गिरकी घेतली आणि ती गवतात गेली. ट्रॅकचा प्रमुख गळ्यात कायम शिट्टी अडकवून फिरतो, त्याला सगळे शिट्टीच म्हणतात. त्याचा नियम सरळ होता: दोनदा गवतात गेलात की वर्षभर प्रवेश बंद. वहिनीचं एकदा झालं होतं.

ती घरी आली आणि रडली वगैरे नाही. तिनं खडू घेतला. टायरवर या कडेपासून त्या कडेपर्यंत आडव्या रेघा ओढल्या, गाडी फिरवून आणली आणि आम्हाला वाकून बघायला लावलं. मधला खडू पुसला गेला होता, दोन्ही कडांचा तसाच. "टायर मधल्या पट्टीवर उभा आहे," ती म्हणाली. "पाटावर बसायच्या ऐवजी दोरीवर बसल्यासारखा." आम्ही त्यात बत्तीस हवा भरत होतो, कारण जड गाड्यांना तेवढी लागते. या गाडीला टायर दाबायला वजनच नाही. त्यात ट्रॅकवर टायर तापतो, आतली हवा आणखी फुगते. तिनं बऱ्याच खटपटीनंतर ठरवलं: निघताना गार टायरमध्ये एकवीस, म्हणजे तापल्यावर सव्वीसच्या आसपास येईल.

दादाला एकवीस हा आकडा ऐकूनच घाम फुटला. आमच्या दुकानाची एक रीत आहे, वडिलांनी घालून दिलेली. हवा मोजायच्या गेजवर आकडा बरोबर आला तरी गाडी निघताना प्रत्येक चाकात एक झटका जास्तीचा द्यायचा. वरची हवा. दूधवाला माप झाल्यावर वर थोडी धार सोडतो ना, तसं. ट्रकच्या टायरला त्यानं काही होत नाही, गिऱ्हाईक मात्र खूश. "आपल्याकडून कमी हवेची गाडी कधी गेली नाही," हे दादा लोक पदवी सांगतात तसं सांगतो.

तर त्या सकाळी ट्रॅकवरच्या हवेच्या नळीपाशी वहिनीनं स्वतः चारही चाकं एकवीसवर आणली आणि ती शिट्टीच्या सूचना ऐकायला गेली. गाडीपाशी दादा होता. मी चहा आणायला गेलो होतो. परत आलो तर ती हेल्मेट घालून निघालीसुद्धा.

मी कुंपणापाशी उभा राहिलो. तिसऱ्या फेरीला लांब वळणावर गाडीची मागची बाजू निसटली. टायर किंचाळले. एक चाक पांढऱ्या रेघेवर गेलं, रेघेपलीकडे गवत. कशीबशी सावरली आणि स्वतःच आत आली. मागोमाग शिट्टी.

"बाई, हे दुसरं धरायचं का?" तो म्हणाला.

"चाक रेघेवर होतं," मी पुढे झालो. "नियम गवताचा आहे. रेघेचा नियम असेल तर आधी फलकावर लावा, मग आमच्या माणसाला..."

"भाऊजी, मोर्चा नंतर काढा," वहिनी म्हणाली. "गेज द्या."

डावीकडचे दोन टायर, तीस आणि एकतीस. उजवीकडचे बत्तीस आणि तेहतीस. तिनं उजवे दोन पुन्हा मोजले. हा ट्रॅक उजवीकडे वळत जातो, भार डाव्या चाकांवर पडतो, तापायला हवेत ते डावे. इथं उजवे जास्त फुगले होते. हे ट्रॅकचं काम नव्हतं, माणसाच्या हाताचं होतं.

"अहो," ती दादाला म्हणाली, "वरची हवा दिलीत?"

"दिली असेल."

"असेल म्हणजे?"

"गाडी निघाली की हात जातोच."

"हात इतका जातो? उजवीकडे तर दोन-दोनदा गेलाय."

दादानं उजव्या चाकावर हात ठेवला. "एवढ्या कमी हवेवर तुला त्या वेगात सोडायची? टायर रिमवरून निघाला असता तर? माझं मन होईना."

मला वाटलं, आता वहिनी विरघळेल. माझा अंदाज चुकला.

"मन डब्याच्या पिशवीत ठेवा," ती म्हणाली, "आणि हात इकडे आणा." तिनं गेज त्याच्या हातात दिला. "सव्वीस. चारही. गरम आहेत तोवर."

दादा गुडघ्यावर बसला. आयुष्यभर हवा भरलेल्या माणसानं व्हॉल्व्हची पिन दाबली. फुस्स आवाज झाला तसा त्यानं चेहरा असा केला, जणू स्वतःचंच रक्त काढून देतोय. अठ्ठावीसवर थांबला. "बास?"

"सव्वीस."

"अहो, तुम्ही हवा काढताय की स्वतःचा दात?" शिट्टी म्हणाला. मग वहिनीकडे वळून, "जा. पण आता गवताला चाक लागलं तर मला सांगायला येऊ नका."

"जरा सांभाळून," मी म्हणालो.

"सांभाळून चालवायला घरचा रस्ता आहे," ती म्हणाली आणि गेली.

हळू चालवून ती प्रवेश वाचवू शकली असती. लांब वळणाशी ती मघापेक्षा जोरात आली. या वेळी किंचाळी नाही, जात्यासारखी एक खालची घरघर. गाडी कलली, जमिनीला धरून राहिली आणि वळणातून सरळ बाहेर पडली. दुसऱ्या फेरीला तसंच. तिसऱ्यालाही. दादा गाडीकडे बघतच नव्हता. तो फक्त गवताकडे बघत होता.

ती आत आली तेव्हा दादा आधीच गेज घेऊन बसला होता. "सव्वीस. सव्वीस. सत्तावीस. सव्वीस."

शिट्टी आला. "पुढच्या वेगाच्या गटात जा," तो म्हणाला. "इथं तुम्ही लोकांच्या मागे अडकताय."

"मी सकाळपासून तेच म्हणतेय," वहिनी म्हणाली. हेल्मेट न काढताच तिनं खाली बघितलं. "अहो, तो सत्तावीसवाला."

"काढली," दादा म्हणाला.

ती तोवर गाडी घेऊन पुढच्या गटाच्या रांगेत जाऊन उभी राहिली होती.