शिकागोत धोंड्याचं ताट

शिकागोत काय काय पाहिलं, असं जुळे सोलापुरातले शेजारी विचारतात तेव्हा मी सगळं नीट सांगतो. घेवड्याच्या दाण्यासारखा घराएवढा मोठा आरसा, त्यात मागच्या इमारती वाकड्या दिसतात. समुद्र वाटावा असं तळं. शंभरावर मजल्यांच्या टॉवरची काचेची बाल्कनी. कुणी फिरवलं, असं विचारलं की मात्र मी विषय बदलतो.

फिरवलं ते मुलीच्या ऑफिसातल्या एका मुलाने. मुलगी तिकडे नोकरीला आहे आणि आम्ही नवरा-बायको पहिल्यांदाच गेलो होतो. मुलगा हैदराबादचा, तेलुगू. "मित्र आहे, त्याच्याकडे गाडी आहे," एवढीच ओळख तिने करून दिली. लहानपणी आमच्या शेजारी तेलुगू विणकरांची घरं होती, त्यामुळे मला थोडं तेलुगू येतं. मी ते त्याच्यावर झाडलं. तो हसत सुटला. "अंकल, ऐसी तेलुगू तो मेरी नानी बोलती है!"

काचेच्या बाल्कनीत पायाखाली थेट रस्ता दिसला आणि मी डोळे गच्च मिटले. त्याने दंड धरून, कुणाला कळू न देता मला मागे आणलं. घरी येताना मी बायकोला म्हणालो, "असं पोर ज्यांच्या घरी जावई म्हणून जाईल, त्यांचं नशीब." ती खिडकीबाहेर बघत राहिली. मला वाटलं, दमली असेल.

रविवारी नदीतल्या बोटीची तिकिटं काढली होती. त्या सकाळी मी एकटाच तळ्याकडे फिरायला उतरलो. जून उजाडला तरी वारा कानात शिरत होता, म्हणून मफलर न्यायला परत आलो. दार नुसतं लोटलेलं होतं.

तो मुलगा घडी घातलेल्या चादरीवर मांडी घालून बसला होता, डोक्यावर रुमाल. शेजारी माझी मुलगी. पुढ्यात ताट, ताटात अनारसे आणि मधोमध पेटतं निरांजन. बायको त्याला कुंकू लावत होती.

धोंड्याचा महिना चालू होता. या महिन्यात अनारशांचं ताट दिवा लावून कुणापुढे ठेवतात, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. जावयापुढे. आणि तो डबा, अनारसे फुटू नयेत म्हणून, विमानात मांडीवर घेऊन मीच आणला होता. मला वाटलं, लेकीला आवडतात.

"कधी?" मी विचारलं.

"गेल्या दिवाळीत. कोर्टात," मुलगी म्हणाली. "सांगणारच होते, बाबा. आधी तुम्हाला तो आवडावा असं वाटत होतं."

"आवडला की! म्हणून तर..."

बायको उठून उभी राहिली. "सांगितलं असतं तर काय केलं असतं? आधी आरडाओरडा, मग दोन दिवस जेवणावर राग. दुसरं काय येतं तुम्हाला?"

तिचं खोटं नव्हतं, म्हणून जास्त लागलं. माझ्या घरातली माणसं खरं बोलायला मी बाहेर जायची वाट बघतात. ही सवय त्यांना मीच लावली असणार. हे समजूनही राग जाईना. टॉवर, तळं, आरसा, सगळं मी मनात पुन्हा तपासू लागलो. दंड धरला तो आपसूक, की तेही ठरलेलं होतं?

तिकिटं होती म्हणून बोटीवर गेलो. या वेळी मी ओरडलो नाही. गाईड बाई इमारतींची माहिती सांगत होती, लोक माना वर करून बघत होते. मुलीने शेजारच्या एका गोऱ्या आजोबांना चौघांचा फोटो काढायला सांगितलं. त्यांनी हात पुढे केलाही. मी मधूनच तिचा फोन घेतला.

"मी काढतो. तुम्ही तिघं उभे राहा."

"बाबा, चला ना."

"उन्हाकडे तोंड करा," मी म्हणालो.

भारतात परत आल्यावर माढ्याला थोरल्या बहिणीकडे गेलो आणि तो फोटो दाखवला. तिने फोन डोळ्यांजवळ नेला.

"जावई उंच हाय की रं. फोनवर येवढा वाटत न्हवता."

"तू बोललीस त्याच्याशी?"

"व्हय. लई येळा." मग ती पुन्हा फोटोत बघू लागली. "आन् तू कुटं हायस ह्यात?"

"काढणारा मीच."

"काढायला दुसरं कुनी न्हवतं व्हय तितं?"

"नव्हतं," मी म्हणालो.