चुलीच्या दाराशी हमीदभाऊ

जुन्नरहून निरोप आला तेव्हा मी तांदूळ निवडत बसले होते. हमीदभाऊ गेले... महिना उलटला, पण अजून रागच येतोय. न भेटता जायचं म्हणजे काय? तसा या माणसाचा मला पहिल्या दिवसापासूनच राग यायचा. आमची ओळखच मुळी भांडणातून झाली.

पन्नास सालानंतरची ती वर्षं. सरकारी योजना नव्या, ग्रामसेवक नवा आणि घरात सूनही नवी, म्हणजे मी. आंबेगावच्या पश्चिमेला, डोंगराच्या पोटात आमचं गाव. भात पिकलं तर घर जेवणार, नाहीतर नाही. तो ग्रामसेवक म्हणजे हमीदभाऊ. जुन्नरच्या एका व्यापारी घरातला हा सडसडीत तरुण सायकल दामटत यायचा आणि चावडीवर गड्यांना जमवून जपानी पद्धतीची भातशेती समजवायचा. बी थोडं टाका, एका चुडात, म्हणजे एका जागी, दोन-तीनच रोपं लावा, दोरी धरून ओळीत लावा. गडी माना डोलवायचे. माझ्या सासऱ्यांनी तर सगळ्यांच्या आधी डोलवली आणि भाताच्या मोठ्या खाचरासाठी अगदी थोडं बी टाकलं. घरात मात्र एक अवाक्षर बोलले असतील तर शपथ!

आता आमच्याकडची रीत अशी, की चिखलणी गड्यांची आणि लावणी बायांची. गडी लावणीला वाकला तर जन्मभर चिडवतील. तर आम्ही बाया डोक्यावर पानांची इरली घेऊन खाचरात उतरलो आणि आपापल्या आयांनी शिकवलं तसं लावत सुटलो, मूठ भरून, दाट. दुपार कलायच्या आत रोपं संपत आली, आणि पुढं बघतो तर अर्ध्याहून जास्त खाचर नुसता चिखल! गाणं तिथंच थांबलं. शेजाऱ्यांची रोपं त्यांनाच पुरती. नवं बी टाकावं, तर रोप लावायजोगं होईस्तोवर पाऊस निघून जाणार. वर्षाचं भात गेलं होतं.

नेमके तेव्हाच हमीदभाऊ खांद्यावर दोरी टाकून, हसत बांधावर आले. माझी सासू, मी त्यांना आत्या म्हणायचे, कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "या पावणं, या. तुमच्या नादानं आमच्या लेकरांच्या तोंडात माती पडली. बघा डोळं भरून."

त्यांनी ते दाट चूड पाहिले आणि चेहरा उतरला. "पण मी चावडीवर नीट सांगितलं होतं..."

"चावडीवर!" माझा तोल गेला. बांधावर सासरे उभे होते, त्यांच्यासमोर नव्या सुनेनं तोंड उघडायचं नसतं, पण उघडलं. "भात काय चावडी लावती व्हय? लावणार आमी, मग आमाला कुनी सांगितलं?"

आता आत्या माझं काही ठेवत नाहीत, असं वाटलं. पण त्याआधीच हमीदभाऊंनी वहाणा काढल्या आणि ते सरळ चिखलात उतरले. बांधावरचे गडी खिदळले, "आरं, सायब बाई झाला रं!" त्यांनी तिकडं बघितलंही नाही. "आत्या, चूक माझी. लावलेलं उपटू या. आजच्या आज चूड फोडून विरळ लावलं, तर जगेल. उद्या मुळं धरली की हाल."

"लावलेलं उपटायचं? आन् न्हाई जगलं तर?"

थाप मारता आली असती. "तर शिव्या खायला येईन, पळणार नाही," एवढंच म्हणाले.

आत्यांनी वाकून पहिला चूड स्वतःच उपटला. "बघता काय गं? वाका!"

दिवेलागणीपर्यंत आम्ही वाकलेल्याच होतो. दुसऱ्या दिवसापासून रोपांनी माना टाकल्या, पिवळी पडली. आत्यांना घास गिळेना. हमीदभाऊ रोज यायचे, बांधावर बसून मुकाट बोलणी खायचे. एका सकाळी आत्यांनी मला हाक मारून दाखवलं... मधल्या पानाला हिरवा कोंब! त्या बांधावरच रडत बसल्या. हमीदभाऊही रडले, पाठ फिरवून. भात काही गावाचे डोळे दिपवणारं आलं नाही, पण घर वर्षभर जेवलं.

त्यानंतर ते कधी ओसरीवर बसले नाहीत. कुठल्याही घरी गेले की गड्यांना रामराम करून थेट आत हाक द्यायचे आणि चुलीच्या खोलीच्या दाराशी बसून बायांशी बोलायचे. मुसलमान माणूस, आणि चुलीपाशी! गावात कुजबुज सुरू झाली. आत्यांनी एकदाच विचारलं, "माज्यासंगट चिखलात त्यो वाकला. तुमच्यातलं कोन वाकलं व्हतं?"

परवा हमीदभाऊंच्या बायकोला, भाभींना, भेटायला जुन्नरला गेले. बाहेर पुरुषमाणसं बसलेली. भाभींनी मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. दाराशी चटई अंथरलेली होती. "बाहेर खुर्ची, पंखा सगळं आहे," भाभी म्हणाल्या, "पण हे इथंच बसायचे. मी भाकरी करायची आणि यांचे प्रश्न चालू." मी चटईवर बसले नाही, शेजारी टेकले. भाभी चहाचं पाणी आणायला उठल्या. वाट चटईवरूनच होती. पण त्यांनी पदर आवरला, अंग चोरलं आणि कडेकडेनं गेल्या, कुणी बसलेलं असावं तशा.